बेटावरचा खाऊ बदलापूरच्या दारात

कुर्ल्याला बदलापूर लोकल लागली की सुट्टीवरून परतलेले कुटुंब लांबूनच ओळखू येते. चाकांच्या दोन बॅगा, पाठीवर सॅक आणि या सगळ्यांपेक्षा जपून धरलेले एक खोके. खोक्याला चारी बाजूंनी सुतळी, वर मार्करने लिहिलेले आडनाव, आणि एका कोपऱ्यातून हळूहळू पसरत चाललेला लालसर डाग. आत कोकमाच्या आगळाची बाटली असते आणि तिच्या झाकणाने कुठेतरी वाटेतच दगा दिलेला असतो. ठाणे गेले, डोंबिवली गेली, कल्याण आले, तरी खोके मांडीवरच. घरी पोचून सुतळी सोडली की निम्म्या खाज्याचा भुगा झालेला दिसतो.

एवढे कशाला आणायचे, असे कुणीतरी दरवेळी विचारते. उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. शेजारच्या काकूंनी आठ दिवस तुळशीला पाणी घातलेले असते, ऑफिसातल्या सहकाऱ्याने रजेतले काम सांभाळलेले असते, आणि थोरल्या जाऊबाईंकडे रिकाम्या हाताने जाणे कुणालाच जमत नाही. खाऊ आणणे ही मराठी घरातली जुनी रीत आहे आणि ती टिकलीच पाहिजे. बदलायला हव्यात त्या दोनच गोष्टी. खाऊ अंगावर वाहून आणण्याऐवजी पाठवावा, आणि तो शक्यतो बनवणाऱ्याच्या हातून घ्यावा.

बदलापूर, अंबरनाथच्या लोकांना हे नवीन सांगायला नको. इथल्या कितीतरी घरांची मुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहेत. एप्रिल-मे महिन्यात गावाकडची पेटी खासगी लक्झरीने येते. गावात ड्रायव्हरच्या हाती पेटी दिली जाते, फोनवर गाडीचा नंबर सांगितला जातो आणि भल्या पहाटे घरातला एक माणूस हायवेला नाहीतर स्टेशनजवळच्या थांब्यावर उभा राहतो. कुळथाचे पीठ, सोलं, फणसाची साटं, आंबे हे सगळे असेच पोचते. या व्यवहाराला ना पावती, ना विमा. विश्वासावर चालते आणि बहुतेक वेळा नीट चालते. म्हणजे वस्तू एका हाताने पाठवायची आणि दुसऱ्या हाताने उतरवून घ्यायची, ही कला इथल्या माणसांच्या अंगात आहेच. फक्त पर्यटक म्हणून बाहेर पडला की तोच माणूस ती विसरतो.

मालवणचे उदाहरण घ्या. या पट्ट्यातल्या माणसाला परवडणारी, जवळची बेटाची सहल म्हणजे मालवण. धक्क्यावरून होडीत बसायचे आणि कुरटे बेटावर उतरायचे. तिथे शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. किल्ला पाहून परत आले की बाजारपेठ. दिवा-सावंतवाडी गाडीने आलेल्यांना परतीची गर्दी ठाऊक असते, तरीही पिशव्या भरतात.

या पिशव्यांत काय भरावे याचा थोडा विचार केला तर निम्मा त्रास वाचेल. मालवणी खाजा म्हणजे बेसनाची जाड शेव तळून आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवलेली. गुळाचे कवच सुकले की ती कडक होते आणि कित्येक दिवस टिकते. टपालाने पाठवायला याहून सोयीचा पदार्थ नाही, फक्त घट्ट डब्यात भरला पाहिजे, पिशवीत नव्हे. आमसुलांचेही तसेच. आगळाची बाटली गळते, सोलं गळत नाहीत, आणि सोलकढी दोन्हीची होते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा दुकानदाराला नाव-गाव विचारायचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

तिथून सावंतवाडी लांब नाही. चितारआळीत लाकडी फळे मिळतात. आंबा, केळे, सीताफळ, मिरची. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, हाताने रंगवलेली. जवळून पाहिले तर आंब्याच्या देठापाशी हिरव्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून लालीत जाणारा रंग ब्रशाच्या फटकाऱ्यांनी चढवलेला दिसतो, आणि एक फळ दुसऱ्यासारखे नसते. ही फळे पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांच्या काचेच्या कपाटात बसली आहेत. पण बॅगेत दाबून आणली की रंगाचे टवके उडतात. कागदाच्या चुऱ्यात बसवून खोक्यातून पाठवली तर शाबूत येतात. कारागिराला विचारले तर पाठवायची व्यवस्था होऊ शकते, पण गाडी सुटायची घाई असलेला पर्यटक विचारतच नाही. मग तो स्टँडजवळ प्लॅस्टिकची कीचेन घेतो, तिच्यावर गावाचे नाव छापलेले असते, आणि गावाचा तिच्याशी तेवढाच संबंध असतो.

गावाच्या नावावर दुसऱ्याचा माल विकणे हे नुसते गाऱ्हाणे नाही, त्यात बनवणाऱ्याचे पोट बुडते. गोव्यात काजूच्या बाबतीत हेच झाले. आफ्रिकेतून आणि इतर ठिकाणांहून आलेला काजू पर्यटकांना गोव्याचा म्हणून विकला जातो, अशी तक्रार तिथल्या काजू उत्पादकांनी वर्षानुवर्षे केली. शेवटी २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले. फेणीला ते २००९ मध्येच मिळाले होते, बेबिंकाला २०२३ मध्ये. पणजीच्या बाजारातून काजूची चार पाकिटे उचलणाऱ्या पर्यटकाने पाकिटाच्या मागचा मजकूर वाचला, तर या सगळ्या खटपटीला अर्थ आहे.

अंदमानची गोष्ट आणखी वेगळी. १९११ मध्ये सावरकरांना ज्या सेल्युलर जेलमध्ये ठेवले ती पाहायला मराठी माणूस आवर्जून जातो. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजयपुरम, चेन्नईपासून हजाराहून जास्त किलोमीटर दूर आहे आणि बेटांवरचा बहुतेक माल मुख्य भूमीवरूनच जातो. म्हणजे तिथल्या दुकानातला टी-शर्ट कदाचित समुद्र ओलांडून गेलेला असतो आणि पर्यटक तो पुन्हा समुद्र ओलांडून परत आणतो. त्यापेक्षा बेटावरच तयार झालेले काहीतरी शोधावे: नारळाच्या करवंटीची वाटी, वेताची टोपली, पडौकच्या लालसर लाकडाची वस्तू. लाकडाच्या बाबतीत पावती घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.

देशांतर्गत विमानात सोबत साधारण १५ किलो सामान चालते, आणि त्यात काय चालत नाही हे बहुतेकांना विमानतळावरच कळते. सुके खोबरे हा त्यातला सगळ्यात मोठा धक्का. नारळाच्या बेटावरून खोबरे आणू नये, हे कुणाच्या डोक्यात येणार? पण विमानवाहतुकीच्या नियमांत सुके खोबरे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात मोडते. त्यात तेल भरपूर असते, बंद आणि गरम जागेत ते स्वतःच तापत जाते. तपासणीत ते काढून ठेवतात तेव्हा वाद घालून उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. किनाऱ्यावर पडलेला पांढरा प्रवाळाचा तुकडा मुलाने उचलला, आईने रुमालात बांधला, यात कुणाच्या मनात पाप नसते. पण २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. मेलेला तुकडाही चालत नाही. तुकड्यातुकड्याने नेला तर किनारा उघडा पडतो, कारण बेटाभोवतीचा प्रवाळ हीच लाटांना अडवणारी भिंत असते. शिंपल्यांतल्याही कित्येक जाती याच कायद्याखाली आहेत. परवाना असलेल्या दुकानातून घेतलेल्या शिंपल्याची पावती विमान सुटेपर्यंत हाताशी असावी. खरे तर शिंपले तिथेच ठेवावेत. मुलांना ते दाखवण्यासाठी तर एवढ्या लांब नेलेले असते.

परदेशातल्या बेटांवरून, म्हणजे मॉरिशस, बाली, फुकेत, श्रीलंका इथून पाठवायचे तर हिशेब आणखी बदलतो. सोबत आणलेल्या सामानाला मिळणारी करसवलत मागाहून वेगळ्या पार्सलने आलेल्या नव्या वस्तूंना मिळत नाही. टपालाने किंवा कुरियरने येणाऱ्या भेटवस्तूंची सवलत सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतली. त्यातून राखी आणि जीवरक्षक औषधे तेवढी वाचली. म्हणजे बहिणीची राखी मॉरिशसहून विनाशुल्क येईल, पण तिच्यासोबतची व्हॅनिला चहाची पेटी नाही. रोपे, बिया, ताजी फळे यांना २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. हा नियम जाचक वाटतो खरा, पण एका कुंडीतल्या मातीतून आलेली कीड किती बागा खाते हे शेतकऱ्याला विचारावे. हापूसनेही याच नियमाची दुसरी बाजू भोगली आहे. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडले ते किरणोपचाराच्या अटीवर, कारण कोयीतल्या भुंग्याची त्यांना भीती होती.

हीच अडचण जपानच्या ओकिनावा बेटांनी फार हुशारीने सोडवली. तिथले जांभळे रताळे प्रसिद्ध आहे, पण रताळ्यातल्या भुंग्यामुळे कच्चे रताळे बेटाबाहेर, स्वतःच्याच देशाच्या मुख्य भागातही, नेता येत नाही. मग बेटकऱ्यांनी त्या रताळ्याचा शिजवलेला गर भरून टार्ट करायला घेतले. आज ओकिनावाहून परतणारा जपानी माणूस तेच आणतो. जपानी भाषेत प्रवासातून आणलेल्या खाऊला ओमियागे म्हणतात आणि मराठी घरातल्या खाऊसारखीच त्याची सक्ती असते. फरक एवढाच की तो खांद्यावर वाहावा लागत नाही. १९७६ मध्ये यामातो कंपनीने घरोघर पार्सल पोचवण्याची सेवा सुरू केली आणि दुकानातच पत्ता लिहून खोके पुढे धाडण्याची सवय देशभर रुजली.

हवाईतल्या मोलोकाई बेटावर तर हूलेहुआच्या छोट्या टपाल कार्यालयाने १९९१ पासून नारळच टपालात घ्यायला सुरुवात केली. खोके नाही, कागद नाही. कार्यालयात सुके नारळ ठेवलेले असतात, पाहुण्याने एक निवडायचा, सोडणावर मार्करने पत्ता लिहायचा, हवे तर चित्र काढायचे आणि तिकिटे चिकटवून द्यायचा. नारळ फुकट, पैसे फक्त टपालाचे. एका पोस्टमास्तरबाईंच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना आज त्या बेटाची ओळख झाली आहे.

हवाईचा विषय निघाला की उल्हासनगरला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सिंधमधल्या हैदराबादच्या व्यापाऱ्यांना सिंधवर्की म्हणत, कारण सुरुवातीला ते सिंधचे हस्तकाम विकत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते बंदराबंदरांत आणि बेटाबेटांवर पोचले आणि जहाजातून उतरणाऱ्या प्रवाशांना आठवणीच्या वस्तू विकू लागले. माल्टा, कॅनरी बेटे, जावा इथपर्यंत त्यांच्या पेढ्या होत्या. त्यांच्यापैकीच वाटुमल कुटुंबाने १९१४ मध्ये होनोलुलूत दुकान उघडले. पुढे ईस्ट इंडिया स्टोअर म्हणून ते गाजले. १९३६ मध्ये गोविंदराम वाटुमल यांनी एल्सी दास या चित्रकार बाईंकडून हवाईची फुले काढून घेतली आणि ती जपानमध्ये कापडावर छापवली. जगभर हवाईची खूण म्हणून मिरवणाऱ्या फुलाफुलांच्या शर्टामागे अशी एका सिंधी दुकानदाराची नजर आहे. फाळणीनंतर त्याच सिंधमधून आलेले निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. बाहेरच्या पाहुण्याला गावाची आठवण बांधून देण्याचे कसब ज्या समाजाच्या रक्तात आहे, त्याचे हे शहर आहे.

मग उल्हासनगरला आलेला पाहुणा काय घेऊन जातो? पापड. सिंधी घरात उन्हातून आलेल्या माणसापुढे आधी पापड आणि पाणी येते. उडदाचा, मिऱ्याचा, जवळजवळ पारदर्शक दिसणारा हा पापड महिनोन्‌महिने टिकतो. वजनाला हलका, गळत नाही, नासत नाही. तुटण्याची भीती तेवढी असते आणि तीही गोल डब्यात भरला की संपते. कॅम्पातल्या गल्ल्यांत पापड लाटणाऱ्या बायकांचा माल परगावच्या, परदेशच्या नातेवाइकांकडे जातो तो कुणाच्या तरी बॅगेतून. त्याला टपालाची वाट का नसावी? निर्यातीची कागदपत्रे टपाल कार्यालयातच करून देणारी डाकघर निर्यात केंद्रे २०२२ पासून देशभर सुरू झाली आहेत, ती याच मापाच्या उद्योगासाठी आहेत.

बदलापूरचे जांभूळ मात्र हट्टी फळ आहे. जूनच्या तोंडावर येते, झाडावरून उतरले की दोन-तीन दिवसांत मऊ पडते, पाऊस लागला की फुटते. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा महोत्सवही भरतो, पण मानांकनाने फळ टिकाऊ होत नाही. ओकिनावाची वाट इथेच कामाला येते. गर, सरबत, बियांची पूड या रूपांत जांभूळ वर्षभर कुठेही जाऊ शकते. पानांच्या द्रोणात जांभळे विकणाऱ्या आदिवासी बाईला फळाचा दर मिळतोच असे नाही, कारण संध्याकाळपर्यंत उरलेला माल पडेल त्या किमतीला काढावा लागतो. त्या उरलेल्या मालाचा गर काढण्याची सोय गावात झाली, तर तिच्या टोपलीची किंमत टिकेल.

हे टपालाच्या आवाक्यातले आहे का? आहे. कर्नाटकात आंबा विकास महामंडळ आणि टपाल खाते यांनी २०१९ पासून शेतकऱ्याच्या बागेतले आंबे बंगळुरूत घरपोच पोचवले आहेत. शबरीमलाचा अरवणा प्रसाद २०२० पासून स्पीड पोस्टाने देशभर जातो. ताजे फळ आणि शिजवलेला प्रसाद जर जातो, तर सुकलेला पापड आणि बियांची पूड का जाणार नाही? २०२२ पासून रेल्वेने स्थानकांवर ‘एक स्थानक एक उत्पादन’ योजनेखाली स्थानिक मालाला जागा द्यायला सुरुवात केली. बदलापूर स्थानकावर जांभळाला, उल्हासनगरला पापडाला अशी कायमची जागा आणि तिच्या शेजारी पार्सल बांधून घेणारा टपालाचा माणूस, एवढी मागणी तिन्ही शहरांच्या लोकप्रतिनिधींनी एकत्र करावी. अंबरनाथला १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. अभ्यासक येतात, कलामहोत्सवाला गर्दी होते. त्या भिंतींवरच्या एखाद्या शिल्पाची चांगली, छोटी प्रतिकृती इथल्या कारागिरांकडून करून घेतली आणि ती घरपोच धाडण्याची सोय ठेवली, तर मंदिर पाहून गेलेल्या माणसाच्या घरात अंबरनाथ राहील.

तोवर सुरुवात पर्यटकाने करायची आहे. मालवणला, सावंतवाडीला, अंदमानला दुकानात पाय ठेवला की दोन प्रश्न विचारावेत: हे कुणी बनवले, आणि हे घरी पाठवता का? पहिल्याने कारागीर दिसू लागेल, दुसऱ्याने दुकानदार सोय करू लागेल. चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्यासाठी खोकी तयार असतात. दुकानदाराने नाही म्हटले तर जवळचे टपाल कार्यालय गाठावे. स्पीड पोस्टाने ३५ किलोपर्यंतचे पार्सल जाते, म्हणजे विमानातल्या सामानाच्या दुपटीहून जास्त. खर्च येईल, पण फुटलेल्या बाटलीचा आणि जादा वजनाच्या दंडाचा हिशेब मांडला तर तो जड वाटणार नाही. पार्सल परतीच्या आदल्या दिवशी टाकावे, म्हणजे ते येईल तेव्हा दार उघडायला घरात माणूस असेल. आणि पत्ता लिहिताना पिनकोड चुकवू नये: अंबरनाथ ४२१५०१, बदलापूर ४२१५०३, आणि उल्हासनगरला ४२१००१ ते ४२१००५ यांपैकी आपल्या भागाचा.